ठिगळाचे वेगळे पैसे

उल्का निघते ती प्लूटो फोडतच. वाटेत शनीला छेद, गुरूला भगदाड, मग थेट सूर्यात. सूर्य फुगतो, बुध गिळतो, शुक्र गिळतो आणि आपल्या मंडळींच्या अंगावर येतो. जवळजवळ दोन मिनिटं हा प्रकार चालतो. तेवढ्यात गॅसवर चहाचं आधण ठेवून येता येतं. परत यावं तर सगळं शांत, आणि आपली तीन माणसं शस्त्रं सावरत तिथेच उभी. कारण नियम असा, की या हल्ल्यात अंगातल्या शक्तीचे सोळापैकी पंधरा भाग जातात, जीव जात नाही. जरा वेळाने खलनायक पुन्हा तोच हल्ला करू शकतो. पुन्हा प्लूटो, पुन्हा सूर्य. मघाशी फुटला तो कुणाचा होता, हे विचारायचं नाही.

खेळ ‘फायनल फॅन्टसी सात’, साल १९९७, खलनायक सेफिरॉथ. आता गंमत बघा. याच सेफिरॉथने पहिल्या डिस्कच्या शेवटी एरिथ नावाच्या फुलंविक्या मुलीच्या पाठीत तलवार घातलेली असते. सूर्य नाही, तलवार. एक वार. आणि ती मरते. कायमची. तिच्यासमोर क्लाउड उभा असतो आणि त्याच्या, म्हणजे आपल्या, पिशवीत फिनिक्सची पिसं असतात. हे पीस दुकानात ३०० गिलला मिळतं आणि लढाईत पडलेल्या माणसाला उठवून उभं करतं. त्या क्षणापर्यंत आपण एरिथलाच त्या पिसाने कितीदा उठवलेलं असतं, मोजदाद नाही. पण या वेळी क्लाउडला पिशवी आठवत नाही. एरिथच्या अंगावरचा मटेरिया, म्हणजे जादूचे खडे, मात्र आपल्या सामानात सुखरूप परत येतात. मयताच्या वस्तू नातेवाइकांच्या ताब्यात देण्याची पद्धत तिथेही आहे.

गेल्या पंचवीसेक वर्षांत यावर जगभर जेवढी भांडणं झाली, तेवढ्यात दोन-चार ग्रामपंचायतींच्या निवडणुका निघाल्या असत्या. एक गट म्हणतो, अहो, लढाईत पडतात ती माणसं मरत नाहीत, बेशुद्ध होतात. ठीक. म्हणजे सूर्य अंगावर आला की शुद्ध जात नाही आणि तलवार लागली की प्राण जातो. चला, मान्य.

आणि खरंच मान्य आहे. या सदराचं आजचं पहिलं मत हेच, की एरिथच्या बाबतीत खेळाला माफी. का, ते पुढे.

आधी एक सांगून टाकू. खेळात भोकं शोधणाऱ्या जमातीबद्दल मला काडीचं प्रेम नाही. ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये माणूस मनोऱ्यावरून गवताच्या गाडीत उडी मारतो आणि कपडे झटकून चालू लागतो, त्यावर ‘पाठीचा कणा मोडेल’ म्हणणारे. ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगन आग ओकत असताना खेळ थांबवून चीजची अख्खी चाकं खाता येतात आणि जखमा भरतात, त्यावर आहारशास्त्र काढणारे. त्याच ‘स्कायरिम’मध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याला चोरी दिसत नाही. यात तक्रारीसारखं काय आहे? ही तर सोय आहे. सरकारी योजनासुद्धा इतकी सरळ राबवली जात नाही.

इंग्रज कवी कोलरिज १८१७ साली लिहून गेला, की वाचक कवितेपुरता आपला अविश्वास राजीखुशीने बाजूला ठेवतो. आपल्याकडे हे कुणी लिहून ठेवायची गरज पडली नाही. संगीत नाटकात पात्र पद म्हणत प्राण सोडायचं, पिटातून ‘वन्समोअर’ यायचा, प्रेत उठून बसायचं, पुन्हा पद म्हणून पुन्हा मरायचं. प्रेक्षागृहात रडू तितकंच खरं. कुणी उठून म्हणालं नाही, की मघाशी मेले होते ना हो तुम्ही. तिकीट काढलंय, गाणं चांगलंय, दोन्ही बाजूंना व्यवहार ठाऊक आहे.

व्हिडिओ गेमचा व्यवहारही तोच. मी तुझा गवताचा भारा मानतो, तू माझं मनोरंजन कर. भोक आहे? असू दे. गप्प बस, मीही गप्प बसतो. बिघडतं ते भोकावर उभं राहून खेळ प्रवचन सुरू करतो तेव्हा.

आता ‘फॉलआउट ३’ काढतो, कारण याच्यावरचा माझा राग अजून शिळा झालेला नाही.

२००८ सालचा हा बेथेस्डाचा खेळ. अणुयुद्धात बेचिराख झालेलं वॉशिंग्टन. तुमचे बाबा, म्हणजे आवाज लियाम नीसनचा, पिण्याचं पाणी शुद्ध करणारं अवाढव्य यंत्र जेफरसन स्मारकात उभं करतायत. शत्रू येतो, बाबा यंत्राची खोली किरणोत्सर्गाने भरतात आणि स्वतः त्यात मरतात. खोलीत त्यांच्याबरोबर शत्रूचा कर्नलही कोंडलेला असतो. तो स्वतःला काहीतरी टोचून घेतो आणि पुढच्या भागात ठणठणीत हजर होतो. कोणतं औषध, ते बाबांना का नाही, वगैरे विचारू नये. बाबा शास्त्रज्ञ होते. शास्त्रज्ञांना शोध लावायचा असतो, औषध टोचून घ्यायचं नसतं.

हेही सोडून देऊ. पुढे यंत्राचा एक महत्त्वाचा भाग आणायला तुम्ही एका भुयारात जाता. तो ठेवलेल्या खोलीत किरणोत्सर्ग इतका, की आत गेलेला माणूस जगायचा नाही. तिथे तुम्हाला फॉक्स भेटतो. फॉक्स म्हणजे दांडगा, हिरवट, सुसंस्कृत राक्षस. त्याला किरणोत्सर्ग बाधत नाही. तुम्ही त्याला कोठडीतून सोडवता, तो शांतपणे त्या खोलीत जातो, वस्तू उचलतो, तुमच्या हातात देतो. खेळाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली गोष्ट: याला किरणोत्सर्ग बाधत नाही. बघा, आत गेला, बाहेर आला. पुढे तुमचं वागणं चांगलं असेल तर तो तुमचा सोबती होतो.

शेवट. जेफरसन स्मारक. यंत्र सुरू करायचं तर किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत जाऊन तीन आकडे दाबायचे. जो जाईल तो मरेल. एक तर तुम्ही जा, नाही तर शेजारी उभी असलेली सारा लायन्स ही बिचारी सैनिक मुलगी जाईल. आणि तुमच्या दुसऱ्या बाजूला, खांद्याला खांदा लावून, फॉक्स उभा आहे.

तुम्ही त्याला म्हणता, बाबा रे, तू जा. तो म्हणतो, नाही, हे तुझं विधिलिखित आहे, मी ते तुझ्यापासून हिरावून घेणार नाही.

तीन आकडे दाबायचे आहेत हो! लिफ्टमध्ये आपण याहून जास्त बटणं दाबतो. फॉक्सऐवजी कॅरन नावाचा घूल, म्हणजे किरणोत्सर्गाने सडलेला पण जिवंत माणूस, बरोबर असला तर त्याला किरणोत्सर्गाने उलट बरं वाटतं. तोही नाही म्हणतो. यंत्रमानव असला, जो जिवंतच नाही, तोही नाही म्हणतो. सगळ्यांना तुमच्या विधिलिखिताची फार काळजी. मग तुम्ही मरता किंवा सारा मरते, नामावली वर सरकते, खेळ संपतो.

खेळाडू खवळले. बेथेस्डाने मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ नावाचा जोडभाग काढला. किंमत दहा डॉलर. त्यात तुम्ही खोलीत जाऊन मेलात तरी मरत नाही. दोन आठवड्यांनी शुद्धीवर येता. शिवाय फॉक्सला आता आत पाठवता येतं. दहा डॉलर मिळाल्यावर त्याचा विधिलिखितावरचा विश्वास ढळला. पण खरी चपराक पुढेच आहे. त्याला पाठवलंत, कुणी मेलं नाही, पाणी शुद्ध झालं, की निवेदक धीरगंभीर आवाजात ऐकवतो, की बाबांच्या त्यागाचा कित्ता तुम्ही गिरवला नाहीत आणि आत जायचं काम एका खऱ्या वीरावर सोपवलंत. म्हणजे भोक त्यांनी पाडलं, ठिगळाचे पैसे आपण भरले, आणि वर भित्रे आपणच.

जाता जाता: हा खेळ एक्सबॉक्सवर भारतात अधिकृतपणे आलाच नाही. मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं मोघम कारण दिलं, नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही. लोकांनी मात्र लगेच खेळातल्या दोन तोंडांच्या गाईंकडे बोट दाखवलं. त्या गाईंचं नाव ‘ब्राह्मिन’ आहे. आपल्या भावना जपल्या गेल्या. फॉक्सने दुखावलेल्या भावनांचं कुणी काही केलं नाही.

आता कळलं असेल एरिथला माफी का. तिथे पिसाचं कुणी नावच काढत नाही. क्लाउड खांदे पाडून उभा राहतो, खेळ तोंड मिटून बसतो. पिशवीतलं काहीच उपयोगाचं नाही, हे तुमचं तुम्हाला कळतं आणि घशात आवंढा येतो. फिनिक्सच्या पिसाने पुढे येऊन ‘हे एरिथचं विधिलिखित आहे’ असं भाषण केलं असतं, तर त्या डिस्कची रवानगी मी चहाच्या बशीखाली केली असती.

प्रवचनाचा रोग जुना आहे आणि मोठ्या घराण्यांतून पसरतो. ‘अनचार्टेड’मधला नेथन ड्रेक म्हणजे हसतमुख, केस विस्कटलेला, बायकोला विनोद सांगणारा गडी. हा गडी खजिना शोधताना माणसं मारतो. दोन-चार नाही, शेकड्यांनी. आम्ही काही बोललो का? नाही. दुसऱ्या भागात, २००९ साली, खलनायकालाच कंठ फुटतो: तू आज किती जणांना मारलंस, ते सांग आधी. आमच्या अंगठ्याला घट्टे पडलेले, आणि हा आम्हाला नीतिशास्त्र विचारतोय! बरं, ती माणसं आमच्या वाटेत एकामागून एक उभी कुणी केली? पुढे २०१६ साली चौथा भाग आला तेव्हा निर्मात्यांना स्वतःचंच हसू आलं असावं. त्यात हजार शत्रू मारले की बक्षीस मिळतं. बक्षिसाचं नाव ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’. हा २००७ साली ‘बायोशॉक’वर टीका करताना क्लिंट हॉकिंग या खेळकर्त्याने काढलेला बोजड शब्द, अर्थ साधा, की खेळाची गोष्ट एक सांगते आणि खेळाडूचे हात दुसरंच करतात. ज्या दोषासाठी शिव्या खाल्ल्या त्याचाच बिल्ला करून खेळाडूच्या छातीवर लावला. हा कोडगेपणा मला आवडला. प्रवचनापेक्षा कोडगेपणा बरा.

‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) तर प्रवचनासाठीच जन्माला आला. वाळूत गाडलेलं दुबई, अमेरिकी सैनिक, आणि मध्यावर एक प्रसंग: पांढरा फॉस्फरस टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. दुसरी वाट शोधा, नाही. गोळ्या झाडून बघा, शत्रू संपत नाहीत. शेवटी टाकता. मग कळतं की खाली साधी माणसं होती. पुढचा खेळ लोड होताना पडद्यावर तुम्हालाच टोमणे येत राहतात, की वा रे वीर, बरं वाटलं का? अनेक समीक्षकांनी याला डोक्यावर घेतलं. कुणी असंही म्हणालं, की खेळ बंद करणं हा पर्याय तुमच्याकडे होताच. म्हणजे पैसे भरून आणायचा, अर्ध्यावर बंद करायचा, आणि चारित्र्यवान म्हणून झोपायचं. अशा युक्तिवादाला आमच्या आळीत दुसरं नाव आहे, ते छापता येत नाही.

आणि ‘मास इफेक्ट ३’. तीन खेळांत आपण जमवलेली माणसं, तोडलेली-जोडलेली नाती, घेतलेले निर्णय. मार्च २०१२ मध्ये या सगळ्याचा शेवट काय, तर एक प्रकाशमान पोरगं येऊन तत्त्वज्ञान सांगतं. यंत्रं सजीवांना मारून टाकतील, तसं होऊ नये म्हणून आम्ही यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सजीवांना मारून टाकतो. हे ऐकून घ्यायचं आणि तीन शेवटांतला एक निवडायचा: लाल, हिरवा, निळा. रंग सोडता फरक शोधायला भिंग लागे. चाहत्यांनी निषेध म्हणून निर्मात्यांच्या कॅनडातल्या ऑफिसात चारशेवर कपकेक पाठवले. वर लाल, हिरवं, निळं आयसिंग. आतून सगळे एकाच चवीचे. इतका नेमका निषेध मी आजवर पाहिलेला नाही.

या शेवटाला आणखी एक भोक होतं. अखेरच्या धावेत जे सोबती तुमच्या पाठोपाठ पळत होते, तेच थोड्या वेळाने दूर अंतराळात पळून चाललेल्या तुमच्या जहाजातून उतरताना दिसत. कसे पोचले? जूनमध्ये फुकट ठिगळ आलं. इथे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवून ठेवतो. ठिगळात दाखवलं, की त्या धावेत जहाज येऊन त्यांना उचलून नेतं. कुठून उचलतं? हार्बिंजर नावाचं महाकाय यंत्र येईल त्याला किरणाने भाजून काढत असतं, त्याच्या डोळ्यांसमोरून. जहाज उतरतं, निरोप घेतले जातात, गळा दाटून येतो, आणि हार्बिंजर तेवढा वेळ थांबतो. राक्षस असला तरी घरंदाज.

थांबण्यावरून आठवलं. खेळातल्या घाईइतकं खोटं काही नाही. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये राजकन्या झेल्डा शंभर वर्षं राक्षसाला एकटीने अडवून धरते, आणि आपण अळंबी गोळा करत, सशांमागे धावत, कोरोक नावाच्या चिमुकल्या वनभुतांची ९०० बियाणं हुडकत फिरतो. सगळी जमवली की बक्षीस मिळतं ते सोनेरी लेंडीच्या आकाराचं. पण झेल्डा एका शब्दाने उशिराबद्दल बोलत नाही, म्हणून माफ. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधला डच मात्र बोलतो. १८९९ सालचा दरोडेखोर, टोळीचा म्होरक्या. आणखी थोडे पैसे जमले की ताहितीला जाऊ, आंबे पिकवू, माझ्यावर विश्वास ठेव. मी टोळीच्या पेटीत हजारो डॉलर टाकले आहेत, सोन्याच्या विटा विकल्या आहेत. तरी पुढच्या प्रसंगात याच्याकडे बोटीच्या तिकिटाला पैसे नसतात आणि माझ्या निष्ठेवर संशय असतो. रत्नागिरीला आला असता तर एवढ्या पैशात बाग झाली असती.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) या बाबतीत सभ्य. राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. वाटेत भिंतींवर चित्रं आहेत. उभं राहिलं की देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. भाऊ संकटात, बहीण भित्तिचित्रांपाशी. पण खेळ पुण्यात घडलाय. पुण्यात कुणालाही वाटेत थांबवून पौराणिक संदर्भ समजावून सांगितला जातोच, त्यात आणीबाणीचा प्रसंग आडवा येत नाही.

‘हेवी रेन’ (२०१०) मात्र सरळ फसवतो. त्यात एक खुनी आहे आणि ज्या चौघांच्या भूमिका तुम्ही खेळता त्यातलाच तो निघतो. तुम्हाला त्याच्या मनातले विचार बटण दाबून ऐकता येतात. म्हणजे हा माणूस स्वतःच्या डोक्यात, एकटा असताना, स्वतःलाही खोटं सांगत होता. शिवाय मुलाच्या शोधातल्या बापाची मधूनमधून शुद्ध जाते आणि जागा होतो तेव्हा हातात कागदाची घडीव आकृती असते, तीच खुनी प्रेतावर ठेवतो तशी. का? आजतागायत खेळाने सांगितलेलं नाही. रहस्यकथेत हा गुन्हा आहे. वाचकाचे डोळे बांधायचे नसतात, त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं असतं.

भोकं पडतात कशी, हे गूढ नाही. लढाईचे नियम बसवणारे वेगळे, कथा लिहिणारे वेगळे, कटसीन सजवणारे वेगळे. आवाज मुद्रित झाल्यावर एखादी अख्खी लेव्हल कापली जाते, आणि मागचं-पुढचं जोडणारं वाक्य तिच्याबरोबर जातं. ‘स्टार वॉर्स’च्या ‘द सिथ लॉर्ड्स’चं २००४ मध्ये असंच झालं. नाताळ गाठायची घाई, शेवट उसवलेला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून डिस्कवर पडून राहिलेले तुकडे शोधले आणि शिवून दिले, विनामोबदला. २०२२ साली तो स्विचवर आला तेव्हा हे कापलेले भाग पुढे देऊ असं कंपनीने जाहीर केलं. आधी तर तो शेवटपर्यंत खेळताच येत नव्हता, मध्येच बंद पडायचा. आणि २०२३ मध्ये ते भागही रद्द झाले. चाहत्यांनी फुकट शिवलेलं कंपनीला विकत शिवता आलं नाही.

ज्यांना जमतं ते भोकावर पाटी लावतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) ही राजपुत्राने सांगितलेली गोष्ट आहे. तुम्ही खड्ड्यात पडून मेलात, की तोच म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं. चूक सांगणाऱ्याची, तुम्ही पुन्हा खेळा. ‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) घडतो १९६४ साली. त्यातल्या तरण्या ओसेलॉटला तुम्ही मारलंत तर खेळ संपतो आणि वरिष्ठ ओरडतात, की काळाचं गणित बिघडवलंस. कारण पुढच्या काळातल्या खेळांत तो म्हातारा होऊन यायचाय. दोन ओळींचं काम. त्यासाठी राक्षसाला विधिलिखितावर बोलायला लावावं लागलं नाही.

सेल लागला आणि ‘फॉलआउट ३’ घ्यावासा वाटला, तर ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्ती घ्या. ‘ब्रोकन स्टील’ त्यातच मिळतो, ठिगळाचे वेगळे पैसे पडत नाहीत. शेवटी फॉक्सला बिनधास्त आत पाठवा. आणि निवेदक बोलायला लागला की आवाज बंद करा.